रिकामा रकाना

माझे अब्बा महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात ३१ वर्षं चावीवाले होते. सोलापूरकराला चावीवाला म्हणजे कोण हे सांगावं लागत नाही. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी कोणत्या गल्लीत किती वाजता येणार आणि किती वेळ टिकणार, हे त्याच्या हातातल्या लांब लोखंडी चावीवर ठरतं. रात्री दोन वाजता ती चावी सायकलला आडवी बांधून निघालेले अब्बा मला अजून आठवतात. चांदरातीलाही त्यांची ड्यूटी चुकली नाही. "ईद के दिन लोगाँ नहाना नक्को क्या?" असं ते अम्मीला म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. साखर आणि ब्लडप्रेशर आधीपासून होतंच. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, दुपारच्या पाळीत, डायलिसिस. सरकारी योजनेत बसत असल्यामुळे पैशांचा घोर नाही. माझी शाळा सकाळची, त्यामुळे त्यांना न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे. चार तास बाहेरच्या बाकावर बसून मी वह्या तपासते.

पहिल्याच दिवशी अब्बांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, या मशीनला पाणी कुठलं?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "चाचा, हे विचारणारे तुम्ही पहिलेच. बाकी लोक विचारतात, सुई किती दुखेल आणि हे किती दिवस चालेल."

मलाही तेव्हा तो प्रश्न चावीवाल्याच्या सवयीचा वाटला होता. आता वाटतं, सगळ्यांनी पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारायला हवा.

डायलिसिस म्हणजे रक्त धुणं, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण धुवायला पाणी लागतं. मशीनला लावलेल्या नळीसारख्या फिल्टरमध्ये हजारो बारीक पोकळ धागे असतात. धाग्यांच्या आतून रक्त वाहतं आणि बाहेरून एक द्राव वाहतो. धाग्याच्या भिंतीतून रक्तातली घाण द्रावात उतरते. हा द्राव साधारण मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने वाहत असतो. चार तासांचा हिशेब केला तर १२० लिटर होतात. आमच्या घरचा निळा पिंप भरून वर काही कळश्या. ज्या अब्बांना दिवसभरात तोंडाने एक लिटरसुद्धा पाणी प्यायची मुभा नाही, त्यांच्या रक्ताशेजारून आठवड्याला २४० लिटर पाणी जातं. गेल्या वर्षी मामेभाऊ उमरा करून आला तेव्हा जमजमचा पेलासुद्धा अब्बांनी त्या दिवसाच्या हिशेबात धरला होता.

हा द्राव कारखान्यातून बाटलीत भरून येत असेल अशी माझी समजूत होती. तशी सलाईनची बाटली येते. पोटात द्राव सोडून घरी करायच्या डायलिसिसच्या पिशव्याही तशा येतात. पण इथे एका माणसाला एका वेळी १२० लिटर लागतात आणि दिवसात तीन पाळ्या होतात. एवढ्या बाटल्या कोण आणणार आणि कुठे ठेवणार? म्हणून हा द्राव तिथल्या तिथे, त्या-त्या दवाखान्यातच तयार होतो. नळाचं किंवा टँकरचं पाणी मागच्या खोलीत येतं. आधी वाळूतून गाळतात, मग क्षार काढून मऊ करतात, मग कोळशाच्या टाकीतून नेतात आणि शेवटी आरओच्या पडद्यातून. ते पाणी मशीनकडे जातं. मशीनखाली दोन कॅन असतात. एकाला 'पार्ट ए' म्हणतात, त्यात आम्लाचं आणि क्षारांचं दाट मिश्रण. दुसऱ्याला 'पार्ट बी', म्हणजे बायकार्बोनेट. खायचा सोडाच तो, पण औषधाच्या दर्जाचा. बऱ्याच ठिकाणी त्याची पावडर पाण्यात कालवून तिथेच करतात. मशीन हे तिन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळतं आणि द्राव तयार होतो. पद्धत जुनीच आहे. १९४३ साली हॉलंडमध्ये विलेम कॉल्फ यांनी पहिलं चालणारं यंत्र केलं, तेव्हा त्यांनीही रक्त वाहणारी नळी मोठ्या टबातल्या मिठाच्या पाण्यात फिरवली होती.

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येते. पाणी कुठलं?

लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवलं होतं की पाण्याचा रंग, वास आणि चव बदललेली नसेल तर ते वुजूला चालतं. नळाच्या पाण्यालाही आपण याच तीन कसोट्या लावतो. पण रक्ताशेजारून जाणाऱ्या पाण्याला या कसोट्या पुरत नाहीत. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, तेही आतड्याच्या भिंतीतून गाळून शरीरात जातं. नको ते किडनी बाहेर टाकते. डायलिसिसच्या माणसाचं रक्त आणि द्राव यांच्यात फक्त एक पातळ पडदा असतो. पाण्यात विरघळलेलं जे-जे बारीक असेल ते सरळ रक्तात उतरतं, आणि बाहेर टाकायला किडनी नसते.

तुरटीचंच घ्या. गढूळ पाणी निवळायला आपण तुरटी फिरवतो, जलशुद्धीकरण केंद्रातही ती वापरतात. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. १९७०च्या दशकात पाश्चात्त्य देशांत डायलिसिसवरच्या अनेक रुग्णांची जीभ अडखळू लागली, विसर पडू लागला, झटके येऊ लागले, हाडं मोडू लागली. नंतर कळलं, नळाच्या पाण्यातलं ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं त्यांच्या मेंदूत आणि हाडांत साचत होतं. १९९३ साली शिकागोत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची क्षमता संपली आणि तिच्यात साठलेलं फ्लोराइड एकदम पाण्यात आलं. त्या खोलीतल्या १५ जणांपैकी १२ जण आजारी पडले, तिघे गेले.

आणि १९९६ साली ब्राझीलमधलं कारुआरू. ही हकिकत वाचताना मला उजनी धरण दिसत होतं. तिथल्या एका डायलिसिस केंद्रात ट्रकने पाणी आणलं जात होतं. ज्या तलावातून ते यायचं त्यात निळं-हिरवं शेवाळ माजलं होतं आणि पाणी नीट शुद्ध झालेलं नव्हतं. त्या फेब्रुवारीत १३० पैकी ११६ रुग्णांना मळमळ, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास झाला. १०० जणांचं यकृत निकामी होत गेलं. वर्षअखेरपर्यंत झालेल्या मृत्यूंपैकी ५२ या विषामुळे झाले, असं तपासात निघालं. शेवाळ मारलं तरी त्याचं विष पाण्यात उरतं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनीच्या पाण्यावर हिरवी साय येते, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. याचा अर्थ आमच्याकडे कारुआरू होणार असा नाही. अर्थ एवढाच की मागच्या खोलीतल्या त्या टाक्या आणि तो आरओ नीट चालणं ही आमच्यासाठी चैन नाही.

हे सगळं मी वाचायला लागले ते एका दुपारनंतर. पाळी सुरू होऊन तासही झाला नव्हता आणि अब्बांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, अंग तापलं. शेजारच्या दोघांनाही तसंच. घोंगड्या पांघरल्या, इंजेक्शनं दिली, संध्याकाळपर्यंत उतरलं. नंतर तिथल्या तंत्रज्ञ मुलानेच मला सांगितलं की आदल्या दिवशीचं उरलेलं बायकार्बोनेट त्या सकाळी कॅनमध्येच होतं, त्यावर नवीन ओतलं गेलं. पार्ट एच्या आम्लात जंतू सहसा वाढत नाहीत, बायकार्बोनेटमध्ये मात्र आनंदाने वाढतात. म्हणून ते रोज ताजं करायचं आणि उरलं तर फेकायचं असतं. जंतू पडद्यातून रक्तात जात नाहीत, पण मेलेल्या जंतूंचे तुकडे जातात, आणि त्यांनी थंडी वाजून येते.

तो मुलगा माझा विद्यार्थी. सातवीपर्यंत आमच्या उर्दू शाळेत होता, मराठीचा तास माझा असायचा. आता कंत्राटावर आहे. तीन पाळ्यांना मिळून दोघेच जण, त्यातला एक त्या महिन्यात गावी गेलेला. मी काही बोलले नाही. त्याने मला खरं सांगितलं होतं, तेवढंच मी लक्षात ठेवलं.

मग जुलै उजाडला. भीमेला गढूळ पाणी आलं. घरचा नळ सुरू झाला की अब्बा ओंजळ नाकाशी नेत आणि म्हणत, "टीसीएल बढ़ाए हैं." टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. पाणी गढूळ झालं की ती वाढवावीच लागते, त्यात पालिकेचं काही चुकत नाही. पिण्याच्या पाण्याचा नियमच असा आहे की नळापर्यंत पोचताना लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. गॅस्ट्रो आणि कावीळ त्यानेच रोखली जाते. पण डायलिसिसच्या पाण्यात सगळं मिळून ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोरीन चालत नाही. नळाला जे हवंच, ते मशीनला नकोच. क्लोरीन आणि त्यापासून होणारं क्लोरामाइन रक्तात गेलं की लाल पेशी फुटतात. आरओचा पडदा क्लोरामाइन नीट अडवत नाही. ते अडवते कोळशाची टाकी, आणि कोळसा कधी ना कधी थकतो. त्याच्याकडे बघून तो थकला की नाही हे कळत नाही. म्हणून प्रत्येक पाळीआधी कोळशातून आलेलं पाणी तपासायचं आणि वहीत लिहायचं असतं.

अब्बांचं हिमोग्लोबिन पाच आठवड्यांत ९.४ वरून ७.१ वर आलं होतं. बाकावर बसणाऱ्या आम्हा नातेवाइकांच्या बोलण्यात आणखी दोघांचं तसंच निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शन वाढवलं, एक बाटली रक्त चढवलं. किडनीच्या आजारात रक्त कमी होतंच, हे खरं आहे. पण अब्बांच्या डोक्यात टीसीएल होतं.

त्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी अब्बांनी हात पुढे केलाच नाही. "पहले पानी देख, फिर सुई डाल," ते त्या मुलाला म्हणाले. मुलगा म्हणाला, "चाचा, तपासलंय. वहीत आहे." मी म्हटलं, "दाखव."

त्याने मला मागच्या खोलीत नेलं. खिळ्याला दोरीने बांधलेली वही. तारीख, पाळी, क्लोरीन, सही. प्रत्येक रकान्यात 'शून्य' आणि सही. त्या दिवसाची सकाळची पाळी भरलेली. दुपारची, जी अजून सुरू व्हायची होती, तीही भरलेली. संध्याकाळचीही. मी मागची पानं चाळली. अकरा दिवस एकच पेन, एकच तिरपेपणा, सह्यांची एकच घाई. एका बैठकीत भरलेली वही ओळखायला मला वेळ लागत नाही.

कारण तशी वही मी स्वतः भरलेली आहे. शाळेत पोषण आहाराची चव नोंदवही असते. मुलांना वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकाने खिचडी चाखायची आणि वेळ, चव, सही लिहायची. ते काम माझ्याकडे आहे. कधी परिपाठ, कधी ऑनलाइन माहिती भरायची घाई, कधी नुसताच कंटाळा. शनिवारी आठवड्याचे सगळे रकाने 'उत्तम, उत्तम, उत्तम' असे भरून टाकायचे. अधिकारी आले की वही बघतात, खिचडी कोणी बघत नाही. आमच्याकडे कधी काही झालं नाही. म्हणून मला कधी वाटलंही नाही की मी खोटं लिहिते आहे.

मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "टीचर, पट्ट्या संपल्यात. मागणी केलीय. रकाना रिकामा दिसला तर मलाच विचारतात, पट्ट्या का नाहीत ते कोणी विचारत नाही."

मी त्याला काय सांगणार होते?

अब्बांनी खिशातून एक छोटी बाटली काढली. जुन्या ऑफिसातल्या कुणाकडून तरी ओटी टेस्टचा द्राव आणला होता. गावोगावी पाणीवाले हीच टेस्ट करतात. पाण्यात थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. दवाखान्यात ही टेस्ट चालत नाही, तिथे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारी पट्टी लागते. पण रंग दिसला तर दिसला. मुलाने कोळशाच्या टाकीनंतरच्या तोटीतून नळी भरली, थेंब टाकले आणि आम्ही तिघं बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने पाणी लिंबाच्या सरबताइतकं पिवळं झालं.

मुलाचा चेहरा मी विसरणार नाही. सकाळची पाळी होऊन गेलेली होती. तो बाहेर आला आणि म्हणाला, "आजची पाळी होणार नाही." मग डॉक्टरांना फोन लावला.

पुढचा तास वाईट होता. अक्कलकोटहून एसटीने आलेले एक काका ओरडायला लागले. त्यांचंही बरोबर होतं. पाळी चुकली की पाणी अंगात साचतं, फुप्फुसात चढतं, रात्री झोपता येत नाही. कुणी म्हणालं, "एवढे दिवस झालं तेव्हा काही नाही झालं, आजच नाटक कशाला?" आणि मला वाटत होतं, आपण हे उकरलं नसतं तर? तक्रार केली तर या मुलाची नोकरी जाईल. चौकशी लागून केंद्र बंद झालं तर ही माणसं कुठे जातील? डॉक्टर आले, त्यांनी नळीतलं पाणी बघितलं. ज्यांना थांबणं धोक्याचं होतं त्या चौघांना त्यांनी दुसरीकडे पाठवलं. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. रात्रीतून कोळसा बदलला, टाकी धुतली. अब्बांची पाळी २८ तास उशिरा झाली. ती रात्र त्यांनी तीन उशा लावून बसून काढली.

हिमोग्लोबिन त्या क्लोरीननेच उतरलं होतं का, हे कुणी सिद्ध केलं नाही. सप्टेंबरपर्यंत ते ९च्या जवळ आलं, एवढं मी सांगू शकते. आम्ही सात नातेवाइकांनी सही करून एक पत्र दिलं. त्यात मुलाविरुद्ध काही लिहिलं नाही. तीन गोष्टी मागितल्या. पट्ट्या कधीही संपू नयेत. कोळशाच्या टाक्या एकामागे एक अशा दोन असाव्यात आणि पाणी दोन्हींच्या मधून तपासावं, म्हणजे पहिली थकली तरी दुसरी हाताशी असते. आणि ती वही मागच्या खोलीतून काढून बाकासमोरच्या भिंतीवर लावावी. पट्ट्या आठवड्यात आल्या. वहीला दोन महिने लागले. दुसरी टाकी अजून आलेली नाही.

तुमच्या घरातलं कुणी डायलिसिसवर असेल तर भांडायची गरज नाही, फक्त विचारा. आजच्या पाळीआधी क्लोरीन तपासलं का, आणि कुणी? बायकार्बोनेट आज केलेलं आहे का? आरओच्या पाण्यात जंतू आणि त्यांचं विष किती, याचा शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा? मशीनचं निर्जंतुकीकरण कधी झालं? एका पाळीत दोघा-तिघांना एकदम थंडी वाजली किंवा काही आठवड्यांत अनेकांचं रक्त उतरलं तर 'ज्याचं-त्याचं नशीब' म्हणू नका. एकमेकांना विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि विचारताना हेही लक्षात ठेवा की समोरच्या मुलाकडे पट्ट्या आहेत का, त्याच्या जोडीला कुणी आहे का, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे.

त्या दिवशी निघताना मी वही पुन्हा बघितली होती. मुलाने दुपारच्या आणि संध्याकाळच्या रकान्यातलं 'शून्य' एका रेघेने खोडलं होतं, शेजारी वेळ टाकून 'पिवळं आलं' असं लिहिलं होतं. सही तीच, पण या वेळी सावकाश केलेली. त्याच्या खालचा, दुसऱ्या दिवशीचा रकाना रिकामा होता.

शाळेची चव नोंदवही अजून माझ्याकडेच आहे. ज्या दिवशी मी खिचडी चाखत नाही त्या दिवशीचा रकाना आता रिकामा राहतो. गेल्या महिन्यात असे चार रकाने होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "सर, त्या दिवशी चाखली नव्हती." ते थोडे वैतागले. या महिन्यात दोनच आहेत.

अब्बा अजून सुई टोचण्याआधी त्या मुलाला विचारतात, "देखा क्या पानी?" तो भिंतीकडे बोट दाखवतो. अब्बांना वाचता येत नाही. ते माझ्याकडे बघतात. मी उठून वही वाचते आणि मान हलवते, मग ते हात पुढे करतात.